मानाचं पहिलं पान

भाई परबांनी आयुष्यात एकही पुस्तक लिहिलं नाही, आणि आमच्या डिचोली-पेडण्याच्या भागात त्यांच्याशिवाय एकही पुस्तक निघालं नाही. कवितासंग्रह असो, देवस्थानाचा इतिहास असो, नाहीतर कुणा निवृत्त कारकुनाच्या आठवणी असोत, मुखपृष्ठ उलटलं की भाई बसलेलेच. वर 'दोन शब्द' असं लिहिलेलं आणि खाली पानंच्या पानं. नवं पुस्तक हातात आलं की ते बोट जिभेला लावून पहिली पानं उलटत, आपला फोटो सरळ आलाय का, नावामागे 'साहित्यमहर्षी' पडलंय का ते बघत, आणि पुस्तक मिटून काखेत मारत. पुढे काय आहे ते त्यांनी कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ते मी त्यांच्या तेराव्यापर्यंत पाळलं. शोकसभेतही तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. आता पुरे झालं.

डिचोलीच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी ते उघडलं. भाषेचा वाद तेव्हा घरोघरी पेटलेला. अर्ज मराठीत करायचा की कोंकणीत यावरून माझ्या दुकानातल्या बाकावर माणसांची जुंपायची, आणि अर्ज असायचा नळाच्या जोडणीचा. भाई तेव्हा मराठीच्या बाजूचे पुढारी. मीही मराठीचीच, अजूनही आहे. पण भाईंची मराठी व्यासपीठापुरती होती. खाली उतरले की मासळीवाली, पाव विकणारा पदेर, शेजारी, बायको, सगळ्यांशी भांडण कोंकणीत. मराठीत त्यांना रागावताच येत नसे, आणि रागावल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

त्या काळात एका मोर्चात पोलिसांनी त्यांना दुपारी धरलं आणि दिवेलागणीआधी चहा पाजून सोडून दिलं. हे मी पक्कं सांगते, कारण माझा नवरा त्याच गाडीत होता. पण भाईंचा हा तुरुंगवास दर प्रस्तावनेत वाढत गेला. आधी त्याची एक रात्र झाली, मग काही दिवस झाले, आणि शेवटी शेवटी 'कारागृहाच्या अंधारकोठडीत मला मायमराठीचा साक्षात्कार झाला' इथवर मजल गेली. ते सगळं टाइप करणारी मीच होते. नवरा वाचून हसायचा आणि म्हणायचा, चहासोबत बिस्किटंही होती, तेवढं घालायचं राहिलं.

त्यांचं एक वाक्य होतं. कशावरही बोलणं निघालं की ते हात वर करून म्हणत, "आदी मान, मागीर काम." आधी मान, काम मागून. आमच्याकडे हे कुणाला फार खटकत नाही. शिगम्यात पहिला नारळ कुणाचा, पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, यावरून इथे भावाभावांत बोलणं बंद होतं आणि देवळाला सरकारी कुलूप लागतं. देव आत अंधारात बसतो, पण मानकरी मागे सरत नाहीत. भाईंनी हाच कायदा पुस्तकांना लावला. पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे मानाचं पान, आणि त्या पानाचे वंशपरंपरेने मानकरी ते. त्यांच्या मागून आमदारांचा संदेश, सरपंचांचा संदेश, वाचनालयाच्या अध्यक्षांचा आशीर्वाद, प्रत्येकाचा फोटो. लेखक बिचारा कुठेतरी मागच्या रांगेत उभा असायचा.

एके दिवशी हे गृहस्थ माझ्या दुकानात अनसूयाबाईंना घेऊन आले. अनसूयाबाई म्हणजे पेडण्यातल्या सगळ्यांची नर्सबाय. कोरगावला सरकारी उपकेंद्रात त्यांची नोकरी झाली. हळर्णपासून केरीपर्यंत, रस्ते नव्हते त्या दिवसांत, त्यांनी चालत, होडीतून, काजूच्या बागांतून वाट काढत बाळंतपणं केलेली. केरीच्या फेरीबोटीत जन्मलेला एक माणूस आज त्याच फेरीबोटीवर कामाला आहे आणि नर्सबायला बघितलं की अजून पाया पडतो. बाई बारीक, सावळी, खुर्चीच्या कडेवर बसणारी. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. भाईंनीच त्यांना लिहायला लावलं होतं. सहा महिने दर आठवड्याला त्यांच्या सोप्यावर जाऊन बसले आणि "लिही गो, लिही" म्हणत राहिले. एवढं एक त्यांच्या पदरात टाकायला हवं, आणि मी ते टाकते. मी त्यांच्यावर उपकार करते आहे असं कुणी समजू नये.

भाई म्हणाले, छापील पुस्तक पुढे बघू, आधी ई-बुक करा, आता जग तिकडे चाललंय. भाई कपभर चहा प्यायला समोर गेले तेव्हा अनसूयाबाईंनी मला खरं कारण सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी संगीता इंग्लंडात होती. आमच्याकडची किती मुलं पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद काढून तिकडे गेली, त्यांतलीच. ती आईला चतुर्थीला एकदा फोन करायची, आरती झाली का विचारायची आणि ठेवायची. लहानपणी तिचा उजवा कान फुटला होता. अंगात ताप, कानातून पू, आणि त्याच दिवशी केरीहून एका अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला. आई गेली. संध्याकाळपर्यंत परतेन म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. पोरीचा तो कान कायमचा गेला. संगीता मोठी झाल्यावर एकदाच बोलली की तू अख्ख्या पेडण्याची आई, माझी सोडून. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही.

अनसूयाबाईंनी पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्याच दिवसावर लिहिलं होतं. समर्थन केलं नव्हतं. मला कळत होतं, मी नर्स होते, कान कधी जातो ते मला शिकवलेलं होतं, तरी मी गेले, असं सरळ लिहिलं होतं. "तोंडार सांगूंक जमना," त्या म्हणाल्या. "पार्सल धाडलां तर ती उघडना. मोबायलार कितेंय वाचता ती. पयलेंच प्रकरण आसा, उघडल्या उघडल्या मेळतलें." पुस्तक त्यांना त्या एका वाचकासाठी हवं होतं. बाकीचं जग त्यांच्या लेखी नव्हतंच.

पुस्तकाची मजकूर-जुळणी करायला मला फार दिवस लागले नाहीत. बाईंचं अक्षर स्वच्छ, वाक्यं सरळ. मोबाइलवर वाचायचं पुस्तक फार साधं असतं. वाचणारा अक्षर मोठं करतो, लहान करतो, आणि मजकूर त्याप्रमाणे आपला आपण वाहत जातो. त्याला पान असं नसतंच. हे मी भाईंना किती वेळा समजावलं. ते म्हणाले, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू झालं पाहिजे. मी म्हटलं, भाई, इथे उजवं-डावं नाही. ते म्हणाले, मग माझा फोटो कुठल्या बाजूला येणार? पानांना नंबर नाहीत म्हटल्यावर ते खरोखरच घाबरले. प्रस्तावना किती पानांची झाली हे लोकांना कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रस्तावनाही मीच टाइप करत बसले तर पुस्तक लांबेल, म्हणून त्यांनी ती म्हापशाला एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतली. त्या माणसाकडचे मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचे. ते ज्या संगणकावर असतील तिथेच मराठी दिसतं, दुसरीकडे उघडलं की त्याच मजकुराची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. टायपिंगच्या धंद्यातल्या माणसाला हे रोजचं. भाईंनी ती फाइल आपल्या नव्या मोबाइलवर उघडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढते न काढते तोच दुकानात शिरले. चेहरा लाल, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"माज्या प्रस्तावनेची रोमी कोणें केली गो?"

मला आधी कळेनाच. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. सगळीकडे इंग्रजी अक्षरं. भाईंची खात्री पटली होती की रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या कोंकणीवाल्यांनी त्यांच्या मराठी प्रस्तावनेवर सूड उगवला आहे. मी फॉन्टचं सांगितलं. ते ऐकेनात. म्हणाले, हे आजचं नाही, मोर्चाच्या दिवसांपासून त्यांचा माझ्यावर डोळा आहे. मी म्हटलं, भाई, वाचून तरी बघा, ही कोंकणी आहे का? यात एक शब्द तरी कुठल्या भाषेचा आहे का? त्यांनी चष्मा वर करून दोन ओळी पुटपुटून बघितल्या आणि म्हणाले, मुद्दाम कळणार नाही अशी लिहिलीय. त्याच दिवशी त्यांनी साहित्य मंडळाची तातडीची सभा घेऊन निषेधाचा ठराव केला. मंडळात भाईंचे दोघे मेहुणे होते आणि ठराव एकमताने मंजूर झाला. तो वर्तमानपत्रात जायच्या आत मी मजकूर नव्या फॉन्टमध्ये फिरवून त्यांना दाखवला. मराठी दिसू लागल्यावर भाई म्हणाले, बघितलंस, ठराव केल्याबरोबर सुतासारखे सरळ आले.

हसून सोडून देण्यासारखं इथवरच होतं. तो मजकूर फिरवताना मी प्रस्तावना वाचली. पोर्तुगीज राजवट, भाईंचं बालपण, भाईंचा तुरुंग, स्त्रीशक्तीवर काही श्लोक, आणि मग नर्सबाय. तिथे भाईंनी बाईंच्या पहिल्या प्रकरणातून नेमकं ते उचललं होतं. लिहिलं होतं, 'धन्य ती माता, जिने पोटच्या पोरीच्या कर्णाची आहुती समाजयज्ञात हसतमुखाने दिली.' हसतमुखाने. दुसऱ्याच्या जखमेवर माणूस किती आरामात फुलं वाहू शकतो.

मी भाईंना ते वाक्य काढायला सांगितलं. ते म्हणाले, तोच तर प्रस्तावनेचा प्राण आहे. मग मी त्यांना व्यवहाराचं सांगून बघितलं. ई-बुक विकत घ्यायच्या आधी सुरुवातीचा थोडा भाग कुणालाही फुकट वाचायला मिळतो. पुढे एवढी मोठी प्रस्तावना आणि संदेश ठेवले, तर फुकटच्या भागात पुस्तक येणारच नाही, तुमच्या प्रस्तावनेतच तो संपेल. भाईंचा चेहरा उजळला. म्हणजे जगात सगळ्यांना आधी मी मिळणार, आणि तेही फुकट? मी म्हटलं, हो, पण नर्सबाय मिळणार नाहीत. त्यावर त्यांनी हात वर केला आणि मला पाठ असलेलं ते वाक्य म्हटलं. अनसूयाबाईंना मी म्हटलं, भाईंनी लिहिलंय ते एकदा वाचा. त्या म्हणाल्या, भाई एवढे शिकलेले, बरंच लिहिलं असणार, त्यांनी लिहिलेलं मी काय तपासू.

पेडण्याच्या सभागृहात प्रकाशन झालं. ई-बुकाचं प्रकाशन करायचं कसं, हा मंडळापुढे मोठाच पेच पडला. फीत सोडायला काहीतरी वस्तू हवी. शेवटी भाईंनी एक टॅब्लेट रेशमी कापडात गुंडाळला, वर फीत बांधली आणि तबकात तुळशीसोबत ठेवला. प्रमुख पाहुण्यांनी फीत सोडली, टॅब्लेट हातात घेतला आणि रीतीप्रमाणे त्याच्या काचेला कुंकू लावलं. बोट लागल्याबरोबर पुस्तक मिटलं आणि कॅमेरा उघडला. मागच्या मोठ्या पडद्यावर पाहुण्यांच्या नाकपुड्या दिसू लागल्या. टाळ्या मात्र पडल्या, कारण टाळ्या पाडायला माणसं बसवलेली होती. मग भाई पाऊण तास बोलले आणि अनसूयाबाईंना आभारापुरतं उभं केलं. त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी शेजाऱ्याकडून मुलीला पुस्तकाचा पत्ता मोबाइलवर पाठवला.

संगीताने पुस्तक उघडलं. उघडल्या उघडल्या जे मिळायचं तेच मिळालं. फुकटचा भाग समाजयज्ञाच्या जरा पुढे संपत होता, आणि पुढचं विकत घ्यावं असं तिला का वाटावं? तिने आईला फोन केला. चतुर्थी नसताना तिचा फोन आला म्हणून बाई आनंदाने धावत गेल्या. संगीता एवढंच म्हणाली, "माज्या कानाचो सत्कार केलास गे आये?" आणि फोन ठेवला.

बाई दुसऱ्या दिवशी डिचोलीला आल्या. बस बदलून, उन्हातून. मी पाणी दिलं ते त्यांनी तसंच ठेवलं. मला म्हणाल्या, भाईंनी काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी दाखवलं. 'हसतमुखाने' आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मी थांबले. मी म्हटलं, हे छापील नाही, आत्ता फाइल बदलते, प्रस्तावना काढून परत चढवते, कुणाच्या बापाला विचारायचं नाही. बाई म्हणाल्या, "पाटीमागल्यान नाका. तेंका आपय." मी भाईंना फोन केला. त्यांना वाटलं, वाचकांची पत्रं आली. आपल्या स्कूटरवरून लगबगीने आले.

अनसूयाबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. प्रस्तावना काढायची आहे म्हणाल्या. भाई आधी हसले, मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. पहिल्यांदा मंडळाची घटना सांगितली. मग लेखकाने प्रस्तावनाकाराचा मान काढणं म्हणजे देवळातल्या मानकऱ्याला पायरीवरून ढकलणं, असं म्हणाले. मग मुलीला साहित्य कळत नाही, परदेशात राहून संस्कार गेले, असं म्हणाले. मी तोंड उघडणार होते, पण बाईंनी मला हातानेच गप्प केलं. मग भाईंनी शेवटी तेच काढलं, मी नसतो तर तू लिहिलं असतंस का? त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते फार नीच होतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी नसतात तर मी लिवलंय नसतंय, भाई. उपकार आसत तुमचे. पण बाळंतपणाक गेलंय काय मी पयलीं सगळ्यांका खोलयेतसून भायर काडी. घोवाक, सासयेक, गावकाराक, कोणाकय ठेवी नाय. हंयसर बाळंतीण मी आसंय. तुमी सोप्यार जावन बसा."

एवढ्या वर्षांत भाईंना कुणी असं सांगितलं नव्हतं. ते उठले, खिशातली पेनं चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाले की डिचोलीत यापुढे एकही काम तुला देणार नाही. मी म्हटलं, देवाची कृपा. ते गेल्यावर मी प्रस्तावना काढली, संदेश काढले, फोटो काढले. बाई माझ्या शेजारी बसून एकेक नाहीसं होताना बघत होत्या. सरपंचांचा फोटो गेला तेव्हा त्या थोड्या हसल्या. फाइल परत चढवली. आता पुस्तक उघडलं की पहिलं वाक्य येत होतं, 'माझ्या मुलीचा कान माझ्यामुळे गेला.'

भाईंनी हार मानली असं कुणी समजू नये. त्यांनी महिन्याभरात ती प्रस्तावना वेगळी पुस्तिका म्हणून छापून घेतली, जाड कागदावर, मुखपृष्ठावर स्वतःचा रंगीत फोटो. पुस्तकाशिवायची प्रस्तावना. मी तर म्हणते, त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं तेवढं एकच प्रामाणिक काम. पुस्तिका शाळांमधून, देवळांच्या जत्रांमधून वाटली. हळर्णच्या एका चहाच्या दुकानात तिच्या कागदात भजी बांधून मिळायची, आणि कागद जाड असल्यामुळे तेल झिरपत नसे, अशी त्या दुकानदाराने तारीफ केलेली मी स्वतः ऐकली.

संगीताकडून बरेच दिवस काही आलं नाही. बाईंनी तिला एवढंच कळवलं होतं की पुस्तक बदललंय, परत उघड. मी मधूनमधून विचारायची, बाई मान हलवायच्या. चतुर्थी आली, फोन आला, आरतीचं विचारून संपला. मला वाटलं, गेलं. भाईंनी मायलेकींमधलं दार कायमचं लावून टाकलं. त्या दिवसांत मी त्यांना घराच्या उंबऱ्यावर बसून इतक्या शिव्या घातल्या की नवरा म्हणाला, आता त्यांना उचकी लागून मरण येईल.

मग पावसाळा सरल्यावर बाई एकदा आल्या. पायरीवरच थांबल्या आणि तिथूनच सांगितलं. संगीताने फोन केला होता. पुस्तक विकत घेतलं होतं, सगळं वाचलं होतं. रडली नाही, गोडही बोलली नाही. म्हणाली, तू का गेलीस ते कळलं, पण राग गेलेला नाही, तो एवढ्यात जाणारही नाही. बाई मला हे सांगताना घाबरल्यासारख्या दिसत होत्या, जणू मी त्यात काही खोट काढीन. मग म्हणाल्या, आता दर आयताराला फोन करते, फेरीबोटीतल्या बाळंतपणाचं विचारत होती, त्या पोराला नाव कुणी ठेवलं म्हणून. मी त्यांना आत ओढून बसवलं आणि दोघी मिळून रडलो. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

भाई शेवटचे मला भेटले ते त्यानंतर काही महिन्यांनी. आजारी आहेत हे कानावर होतं. रिक्षातून उतरले, पायऱ्या चढायला वेळ लागला. शर्ट तसाच कडक इस्त्रीचा, पण आतलं माणूस निम्मं झालेलं. मी खुर्ची दिली. इतका राग असूनही, आजारी माणसाला उभं ठेवण्याइतकी मी वाईट नाही. काम काही आणलं नव्हतं. मग हळूच विचारलं, "अनसूयाच्या चलयेन वाचलें?"

मनात म्हटलं, शालन, तू या माणसाला उगाच इतकी वर्षं धारेवर धरलंस. मरायला टेकलेला माणूस एवढ्या पायऱ्या चढून हे विचारायला आला. मी त्यांच्याजवळ सरकून सांगितलं, हो भाई, सगळं वाचलं. आईला फोन करते आता. दर रविवारी.

भाईंनी मान डोलावली. थोडं पुढे वाकले, आवाज आणखी खाली आणला आणि म्हणाले, "आनी प्रस्तावना?"

ते खरंच उत्तराची वाट बघत होते, तोंड किंचित उघडं, हात गुडघ्यांवर. खोटं मला बोलायचं नव्हतं, आणि बोलावंही लागलं नाही.

"तीच तर तिने आधी वाचली, भाई."

भाईंचा चेहरा फुलला. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कुठल्याही प्रकाशनात बघितला नव्हता. माझ्या हातावर थोपटून, रिक्षावाल्याचा आधार घेत ते पायऱ्या उतरले. त्याच पंधरवड्यात ते गेले. अगदी समाधानाने गेले असं त्यांची बायको सांगते, आणि ते ऐकलं की माझं डोकं अजून तापतं.